अभ्यर्पण

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला काही वाईट सवयी जडतात. त्यांतली एक अशी की, कुठलाही कागद हाती आला म्हणजे त्यात काय सांगितले आहे हे समजून घेण्याआधी ते कोणत्या शब्दांत सांगितले आहे इकडे त्याचे लक्ष जाते. विजेचे बिल दुपटीने आले तरी मी आधी त्यातला ऱ्हस्व-दीर्घ पाहतो आणि मग रक्कम पाहतो. यामुळे घरात माझ्याविषयी फारसा आदर उरलेला नाही. पण याच सवयीने मला काही शब्द असे भेटले की ते पुढे जन्मभर सोबतीला राहिले. 'अभ्यर्पण' हा त्यांतलाच एक.

शब्द कानाला किती गोड आहे पाहा! अभि अधिक अर्पण. ऐकताक्षणी डोळ्यांपुढे निरांजन येते, नैवेद्याची वाटी येते. एखाद्या स्तोत्राच्या शेवटच्या ओळीत तो सहज खपून जाईल. प्रत्यक्षात मात्र हा शब्द रेल्वेच्या कचेरीतल्या हिंदीतला आहे. 'पदों का अभ्यर्पण' म्हणजे, ज्या जागेवर आजवर माणूस नेमला जात होता ती जागाच यापुढे नाही असे मानून ती वरच्या कचेरीला परत करून टाकणे. साहेबाच्या भाषेत त्याला 'सरेंडर' म्हणतात. लढाईत हरलेला सेनापती तलवार देतो, तसे हे खाते आपला सांधेवाला देऊन टाकते.

हा शब्द मी प्रथम पाहिला तो २००१ साली. मी तेव्हा एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि शब्दांची फोड करण्याची मला मोठी खुमखुमी होती. माझे मामा एका छोट्या गाडीच्या फाट्यावर सांधेवाले होते. एके दिवशी ते अवेळी आमच्या घरी आले आणि आईने पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधीच त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हाती दिला. वरचा भाग इंग्रजीत, खालचा हिंदीत.

"बाबू, तू येवढा शिकला. काय लेहलं हाय यात, सांग बरं."

मी वाचले. मजकूर पाच-सहा ओळींचाच होता. मी म्हणालो, "मामा, तुमचं पद अभ्यर्पित केलं आहे."

"म्हंजे नवकरी गेली का?"

"नाही. नोकरी आहे. पद गेलं."

मामांनी आईकडे पाहिले, आईने माझ्याकडे पाहिले. "पद गेलं आन नवकरी हाय," मामा सावकाश म्हणाले, "हे कसं काय बा?"

त्यांना ते समजावून सांगायला मला पुष्कळ वेळ लागला आणि ते पुरते समजले असे मला आजही वाटत नाही. रेल्वेत कायम झालेल्या माणसाला सहसा घरी पाठवत नाहीत. त्याची जागा तेवढी कागदावरून पुसली जाते. तो 'अतिरिक्त' ठरतो, आणि मग जिथे कुठे जागा असेल तिथे त्याला नेऊन बसवतात. पगार चुकत नाही, निवृत्तिवेतन बुडत नाही. तक्रार करायला जागाच उरत नाही. कारण कोणी कोणाला काढलेलेच नसते!

मामांचा फाटा कोणता, हे मी मुद्दाम सांगत नाही. त्यांची सत्तरी उलटली, पण खाल्ल्या मिठाला जागण्याविषयीच्या त्यांच्या कल्पना माझ्याहून कितीतरी कडक आहेत आणि भाच्याने दिवाळी अंकात आपल्या खात्याचे उणे काढले हे त्यांना मुळीच खपायचे नाही. नावच घ्यायचे तर मी शकुंतलेचे घेतो. ती माझ्या गावची गाडी. तिच्याविषयी इतके छापून आले आहे की माझ्या चार ओळींनी तिचे काही बिघडणार नाही.

मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरचा मोठा रस्ता सोडला की अडीच फुटी रुळांचे दोन फाटे फुटत. एक उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोटवरून अचलपूरला जाई. लांबी ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला. तो ११३ किलोमीटर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक निक्सन या मुंबईतल्या इंग्रज पेढीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने हे रूळ टाकले. कशासाठी, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. कापूस! जिनातून निघालेली गाठ मूर्तिजापूरला यायची, तिथून मुंबईला आणि मुंबईहून बोटीने मँचेस्टरला. पुढे याच गाडीला जे वाफेचे इंजिन जोडले गेले तेही १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेले होते. आमचा कापूस गेला आणि तो आणखी वेगाने नेण्यासाठी तिकडून इंजिन आले, असा हा व्यवहार. ते इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत धावले. एखादा सरकारी नोकरही सत्तर वर्षे सेवा करीत नाही.

या फाट्यांची आणखी एक मौज होती. १९५१ साली मध्य रेल्वे स्थापन झाली, देशातले बहुतेक रूळ सरकारजमा झाले, पण हे दोन फाटे कंपनीच्या मालकीचेच राहिले. रूळ कंपनीचे, गाडी सरकारची. घर एकाचे, संसार दुसऱ्याचा. मग गळके छप्पर कोणी दुरुस्त करायचे हा प्रश्न जो सुरू झाला तो शेवटपर्यंत सुटला नाही.

'शकुंतला' हे नाव आमच्याकडच्या लोकांच्या तोंडी इतके बसले होते की लहानपणी 'अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले' असे वाचले तेव्हा रंगभूमीवर गाडी कशी आणली असेल, याचे मला कोडे पडले होते. नाव बाकी शोभले. आश्रमात वाढलेली, कोणाला दुखवणे ठाऊक नसलेली आणि राजाने ओळख विसरल्यामुळे दारात ताटकळत उभी राहिलेली! तिच्या डब्यातून उतरून, बोरे वेचून, पुन्हा त्याच डब्यात चढता येत असे, ही गोष्ट आमच्या तालुक्यातला प्रत्येक माणूस सांगतो. मी पुष्कळ वेळा तिच्यातून गेलो, पण असे बोरे वेचणारा कोणी मला दिसला नाही. मला दिसत तो खलाशी. रस्त्याचे फाटक आले की गाडी अलीकडे थांबे. खलाशी उतरे, फाटक लावी. गाडी पुढे जाऊन पुन्हा थांबे. मग तो फाटक उघडून, दोन्ही बाजूंच्या बैलगाड्यांना हात करून, सावकाश चालत येऊन डब्यात चढे. मला वाटे, काय रुबाब आहे या माणसाचा! सगळी गाडी त्याच्यासाठी थांबते. प्रत्येक फाटकावर स्वतंत्र फाटकवाला नेमणे परवडत नाही म्हणून त्या एका माणसाला पळावे लागत होते, हे कळायला मला मोठे व्हावे लागले.

पुढे पुढे तर शकुंतलेचा सगळा कारभार सात माणसांवर आला. तिकिटे देणारे तेच, फाटके लावणारे तेच, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडणारे तेच, बावटा दाखवणारे तेच. वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना याचे मोठे कौतुक. 'सात माणसे चालवतात एक रेल्वे' असे लिहून ते फोटो छापत. ती सात माणसे खरोखरच कौतुकाला पात्र होती. पण ओसाड स्थानकांच्या खोल्यांत कोणे एके काळी जी माणसे बसत असतील त्यांचा फोटो कोण कसा काढणार?

रेल्वेतली माणसे कमी झाली ती दोन तऱ्हांनी. एक तऱ्हा सगळ्या देशाने पाहिली. १९७४ च्या मे महिन्यात वीस दिवस संप झाला, जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात गेले, हजारोंना कामावरून दूर केले गेले. त्यावर सभा झाल्या, अग्रलेख आले, पुढे निवडणुकांत भाषणे झाली. दुसरी तऱ्हा अशी की तिच्यावर अग्रलेख लिहिताच येत नाही. कोणी सेवानिवृत्त होतो, त्याच्या गळ्यात हार पडतो, हाती नारळ दिला जातो, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर कोणी येत नाही. एवढेच. १९९०-९१ साली भारतीय रेल्वेत सोळा लाखांहून अधिक माणसे होती. आता ती बारा लाखांच्या आसपास आहेत. त्याच १९९०-९१ साली सुमारे ३८६ कोटी प्रवास गाडीने झाले होते, ते २०१८-१९ पर्यंत सुमारे ८४४ कोटींवर गेले. प्रवासी दुपटीच्या वर, आणि माणसे चार लाखांनी कमी. हे चार लाख लोक कुठे मोर्चा काढून गेले? हार घालून घेऊन गेले.

यात सगळेच वाईट झाले असे म्हणणारा मी नाही. जुन्याविषयी हळवे होण्याचा आमच्या पेशाला शाप आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. वाफेच्या इंजिनावरचा फायरमन मी लहानपणी जवळून पाहिला आहे. समोर भट्टी, डोक्यावर वैशाखातले वऱ्हाडी ऊन आणि हातात फावडे. डोळे लाल आणि बाकी सर्व काळे. १९९४ साली इंजिन बदलले, डिझेल आले आणि कोळसा मारणाऱ्यांचे काम संपले, तेव्हा आमच्या गावात पुष्कळांनी हळहळ केली. पण हळहळणाऱ्यांत फायरमन कोणी नव्हता! आपल्या मुलाच्या हाती ते फावडे जावे असे मला तरी वाटणार नाही. ग. दि. माडगूळकरांनी आगीनगाडीवर मुलांसाठी गाणे लिहिले, आणि तेच १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गावात तेव्हा खरीखुरी आगीनगाडी रोज येत होती. गाण्यातल्या धुराच्या रेषा फार सुंदर. फायरमनच्या छातीतला धूर कवितेत येत नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

पण फायरमन जाणे निराळे आणि स्थानकावरचा माणूस जाणे निराळे. पहिल्याचे काम यंत्राने केले. दुसऱ्याचे काम कोणीच केले नाही.

मामांच्या स्थानकावर चौघे होते. एक मास्तर, दोन सांधेवाले आणि एक पाणीवाला. स्थानक म्हणजे दगडी खोली, तिच्यापुढे कडुनिंब आणि कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, तीच घंटा. पाणीवाला आधी निवृत्त झाला. त्याच्या जागी कोणी येईना, तेव्हा पाण्याचे दोन माठ मामा भरू लागले. दुसरे सांधेवाले नोकरीत असतानाच वारले. त्यांची पाळीही मामांकडे आली. मग वरून पत्र आले की या स्थानकाला मास्तराची गरज नाही, आणि मास्तर आपली बदली घेऊन गेले. गावकरी तेव्हापासून मामांनाच 'मास्तर' म्हणू लागले. मामी थट्टेने म्हणे, पगार वाढला नाही पण नाव मात्र वाढले. मामांना ते मनातून आवडत असावे. कारण त्या काळात ते खाकी सदऱ्याची इस्त्री मोडू देत नसत.

सांधा बदलणे, कंदिलात रॉकेल भरणे, बावटा दाखवणे ही त्यांची लिहिलेली कामे. न लिहिलेली कामे मी सुट्टीत पाहत असे. बाजाराच्या दिवशी टोपल्या डब्यात चढवायला हात लावणे. कोणाच्या सुनेचा भाऊ तिला न्यायला येणार असेल तर त्याला कोणत्या वाटेने जायचे ते सांगणे. शाळेत जाणाऱ्या पाच-सात मुली गाडीची वाट पाहत बसत, त्यांच्यावर लक्ष ठेवणे. पोरे जमली की घंटेचा हातोडा हाती घेऊन नुसते उभे राहणे. गाडी उशिरा असेल तर किती उशिरा ते सांगणे. हे शेवटचे काम तुम्हांला क्षुल्लक वाटेल. पण गाडी दोन तास उशिरा आहे हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस शेतात जाऊन येतो, आणि ज्याला ठाऊक नाही तो थोडा वेळ वाट पाहून एस.टी.च्या रस्त्याकडे चालू लागतो. दोघांच्यांत फरक एवढाच की एकाने तिकीट काढले आणि दुसऱ्याने काढले नाही.

मामा गेले आणि नेमके हेच झाले. आडवा रूळ उखडून नेला, म्हणजे सांधा उरला नाही, म्हणजे सांधेवाल्याची गरज उरली नाही; तर्कशास्त्राला धरून सर्व काही व्यवस्थित! स्थानकाच्या खोलीला कुलूप लागले. तिकिटे गार्ड देऊ लागला. पण त्याने गाडी सांभाळावी की पिशवी घेऊन डब्याडब्यातून फिरावे? ज्याला मिळाले त्याने घेतले, बाकीचे तसेच बसले. मुलींच्या घरच्यांनी त्यांना ओसाड फलाटावर बसू देणे बंद केले. वर्षाअखेर वरच्या कचेरीने हिशेब मांडला, तर तिकिटांची विक्री घटलेली. विक्री घटली म्हणून फाटा तोट्यात. तोट्यात म्हणून खर्च कमी केला पाहिजे. आणि खर्च म्हणजे काय, तर माणसे. हे रहाट एकदा फिरू लागले की ते थांबवायला कोणी उरत नाही.

हे काही आमच्याकडेच झाले असे नाही. ज्यांनी आम्हांला रेल्वे दिली त्या इंग्रजांच्या घरीही तेच झाले. १९६३ साली डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी ब्रिटिश रेल्वेचा मोठा अहवाल लिहिला आणि त्यात २,३६३ स्थानके बंद करावीत असे सुचवले. कोणत्या स्थानकावर किती गर्दी हे ठरवण्यासाठी मोजणी केली होती १९६१ च्या एप्रिलमधल्या एका आठवड्यात. समुद्रकाठच्या गावांची गाडी उन्हाळ्याच्या सुट्टीत भरते, एप्रिलमध्ये भरत नाही, असे लोक ओरडून सांगत होते. आमच्याकडे एखाद्याने पंढरपूरची गर्दी मार्गशीर्षात मोजून आषाढीच्या गाड्या बंद केल्या तर आपण काय म्हणू? पण आकडा एकदा कागदावर आला की तो कोणत्या महिन्यातला आहे हे कोणी विचारीत नाही.

नावांचाही एक अनुभव मला लक्षात ठेवण्याजोगा वाटतो. माणसे कमी होतात तशी नावे वाढत जातात. गँगमनचा ट्रॅकमन झाला, ट्रॅकमनचा ट्रॅक मेंटेनर झाला. ड्रायव्हर लोको पायलट झाला. २०२२ च्या जानेवारीत गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' केले. त्यात मानाचा भाग आहे आणि त्यांची ती मागणीही होती, हे मान्य. पण ज्या वेळी मालगाडीच्या शेवटच्या डब्याला यंत्र लावून गार्डाशिवाय गाडी चालवता येईल का याचे प्रयोग चालले होते, त्याच सुमारास त्याला मॅनेजर म्हणावे हा योगायोग मोठा मासलेवाईक आहे. आमचे मामा नावाने मास्तर झाले त्याच्यानंतर तीनच वर्षांनी त्यांचे अभ्यर्पण झाले.

मामांना एका मोठ्या जंक्शनच्या यार्डात नेऊन ठेवले. तिथे त्यांनी अकरा वर्षे काढली. मी एकदा त्यांना भेटायला गेलो होतो. रात्रीची पाळी होती. रुळांच्या पंधरा-वीस ओळी, उंच खांबांवरचे पांढरे दिवे, आणि त्यांत एक हातात बॅटरी घेतलेली आकृती चाललेली. मी तिला मामा म्हणून ओळखले ते चालण्यावरून. चहा पिताना ते म्हणाले, "काम बेस हाय. पन इथं कोनाले काही इचारायचं नसते." मी म्हणालो, "म्हणजे?" "म्हंजे गाडी कवा येते, असं कोनी इचारतच नाही मले." मग त्यांनी यार्डातल्या चहाची महागाई सांगितली.

मामी गावीच राहिली. दोन एकर रान, एक म्हैस आणि म्हातारी सासू सोडून ती कुठे जाणार! मामा महिन्यातून दोनदा येत. एकत्र राहिलेल्या नवराबायकोला पन्नाशीत वेगळे बिऱ्हाड करावे लागले, ही बाब कुठल्याही कचेरीच्या तक्त्यात बसत नाही. आणि खरे सांगायचे तर ती बसवावी कशी, हे मलाही सुचत नाही. आजी गेली तेव्हा मामांना पोचायला उशीर झाला. ते कोणाला बोलले नाहीत. २०१२ साली निवृत्त होऊन ते गावी परतले, तोवर फाट्यावरची गाडीही अखेरचे आचके देत होती.

शकुंतलेचेही तेच झाले. आधी यवतमाळची बाजू थांबली, मग अचलपूरची. २०१६ साली सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना हे रूळ मोठे करण्याची घोषणा झाली, लोकांनी पेढे वाटले. पुढे गाडी सुरू करा म्हणून लोकांना आंदोलने करावी लागली. रुळांमध्ये आज बाभळी उभ्या आहेत. माझ्या वर्गातल्या, अंजनगावकडच्या एका मुलीला मी विचारले की शकुंतला ठाऊक आहे का. ती म्हणाली, "हो सर, दुष्यंताची." मला आधी आनंद झाला आणि मग झाला नाही.

हे सगळे आता आठवण्याला एक निमित्त आहे. आमच्या महाविद्यालयात (त्याचेही नाव राहू द्या) मी रुजू झालो तेव्हा मराठी विभागात चौघे होतो. विभागप्रमुख निवृत्त झाले. हार, नारळ, फोटो. दुसऱ्या बाई निवृत्त झाल्या; हार, नारळ, फोटो. तिसऱ्यांच्या वेळी हार घालणारा मी एकटाच कायम प्राध्यापक उरलो होतो. पदांचे काय झाले म्हणून कचेरीत विचारले तेव्हा एक नवा शब्द भेटला. 'व्यपगत.' वि, अप, गत. तीनदा गेलेले! रेल्वेचे निदान अर्पण तरी करतात.

आता विभागात मी आहे आणि तासिका तत्त्वावर येणारा एक तरुण आहे. नेट झालेला, पीएच. डी. झालेला, माझ्याहून दोन पदव्या पुढे. त्याला तासाचे पैसे मिळतात. सुट्टीचे मिळत नाहीत, आजारपणाचे मिळत नाहीत, आणि दिवाळीचे तर नाहीतच. तो संताची गाथा शिकवतो तेव्हा बाहेरच्या ओट्यावर वाणिज्य शाखेची मुले येऊन बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ओट्यावर बसलेल्यांची हजेरी मांडता येत नाही. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला मराठी घेणारी मुले यंदा चौदा आहेत. काही वर्षांपूर्वी चाळीस होती. जवळच्या खेड्यांतल्या मुली सकाळच्या गाडीने येत, त्या आता येत नाहीत, एस.टी.चा पास सवलतीचा असला तरी सकाळी सातला त्यांच्या फाट्यावर एस.टी. थांबली पाहिजे ना! मुले कमी म्हणून तास कमी, तास कमी म्हणून शिक्षक कमी, आणि एकच शिक्षक असलेला विषय कोण हौसेने घेणार? रहाट माझ्या ओळखीचे आहे.

सुट्टीनंतर कार्यभाराचा तक्ता कचेरीत द्यायचा आहे. तो विभागप्रमुखाने, म्हणजे मी, भरायचा. चौदा मुलांना धरून नियमाने जे तास बसतात ते जवळजवळ माझ्या एकट्याच्या वाट्याचे होतात. त्या तरुणासाठी चार उरतात. मी निबंधलेखनाचे आणि शुद्धलेखनाचे वर्ग मांडले तर आठ होतील. ते मांडता येतात की नाही याविषयी नियमात दोन्ही बाजूंनी वाचता येईल असे एक वाक्य आहे. मराठीचा एम. ए. झाल्याचा उपयोग एरवी फारसा होत नाही, तो इथे करून पाहावा असे मी ठरवले आहे. आठ तास सध्या पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत. प्राचार्यांना भेटून शाईने करीन.

भाऊबीजेला मामा येतील. दर वर्षी येतात. पूर्वी सकाळी मूर्तिजापूरला उतरून शकुंतलेने येत आणि खिडकीतूनच आईला हात करीत. कारण आई स्थानकावर जाऊन उभी राहायची. आता दोन एस.टी. बदलून येतात, त्यामुळे वेळेचा काही नेम नसतो. आईचे गुडघे दुखतात. स्टँडवर मीच जाईन.